गायरानात पालं पडली आहेत, आता पंचायतीने काय करायचं?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न आहे : "गावाबाहेर गायरानात चार दिवसांपासून भटक्या लोकांची दहा-बारा पालं पडली आहेत. गाढवं, शेरडं, लहान पोरं आहेत. ग्रामसभेत त्यावरून गोंधळ झाला. तरुण पोरं म्हणतात, रात्रीतून उठवून लावू. ग्रामसेवक म्हणतात हे महसूलचं काम, तलाठी म्हणतात आधी पंचायतीचा ठराव आणा, पोलीस म्हणतात लेखी तक्रार द्या. हे नेमकं कोणाचं काम? आणि मी काय केलं म्हणजे उद्या माझ्यावर शेकणार नाही?"

ताई, मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सगळ्या नोकरीत अतिक्रमणाच्या फायलीने माझी पाठ कधी सोडली नाही. तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो, पण एक काम आज संध्याकाळच्या आत करा : त्या पोरांना आवरा. रात्री जाऊन पालं उपटणं हा सरळ गुन्हा आहे, आणि ग्रामसभेत कोणी टाळ्या वाजवल्या म्हणून त्याला पंचायतीची कारवाई म्हणता येत नाही. त्या पालांत कोण आहे हे अजून तुम्हाला ठाऊक नाही. फासेपारधी असतील तर महाराष्ट्रात ते अनुसूचित जमातीत येतात. त्यांना राहत्या ठिकाणाहून जबरदस्तीने हुसकावणं हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली वेगळा गुन्हा आहे. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहेत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणून "भटक्यांना कुठला आलाय कायदा" असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पोलीस पाटलांना बोलावून घ्या आणि गावात वातावरण तापलं आहे एवढं ठाण्याला आजच लेखी कळवा. तक्रार पालांविरुद्धच असली पाहिजे असं काही नाही.

आता मूळ मुद्दा, जागा कोणाची. सातबारा काढून हातात घ्या. गायरानाला आपण "गावचं गायरान" म्हणतो, पण कागदावर मालक सरकार असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली ती जमीन गुरचरणासाठी राखून ठेवलेली असते. वापर गावाचा, मालकी शासनाची. इथूनच तुमचे ग्रामसेवक आणि तलाठी एकमेकांकडे बोट दाखवायला लागतात, आणि दोघंही अर्धे बरोबर आहेत. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५३ पंचायतीला रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार देतं. मात्र जागा सरकारची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, परवानगी आधी घ्यावी लागते. पंचायतीने दुर्लक्ष केलं तर जिल्हाधिकारी स्वतः हात घालू शकतात. महसूलची वाट वेगळी आहे. संहितेच्या कलम ५० आणि ५३ खाली नोटीस निघते, समोरच्याचं म्हणणं ऐकलं जातं, आदेश होतो. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील करता येतं.

म्हणजे गावठाणातल्या पंचायतीच्या जागेवर पालं असती तर चेंडू तुमच्याकडे होता. गायरानात आहेत म्हणून तो तहसील कचेरीकडे आहे, आणि तुमचं काम कळवण्याचं आहे. रस्त्याच्या कडेला असती तर बांधकाम विभाग, कालव्याच्या भरावावर असती तर पाटबंधारे, वनाच्या हद्दीत असती तर वनखातं. कोणाच्या शेतात मालकाच्या संमतीने असतील तर ते अतिक्रमणच नाही. आपल्याकडे शेतकरी स्वतः जाऊन धनगरांना मेंढरं बसवायला घेऊन येतो, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. मेंढरांच्या त्या वाड्याबद्दल पंचायतीला स्वच्छतेपलीकडे काही बोलायचं कारण नाही.

ग्रामसभेत कोणीतरी मोबाईलवरून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवला असेल. बहुतेक तो २०११ चा जगपाल सिंग निकाल असतो. गायरानावरची अतिक्रमणं काढा असं त्यात म्हटलं आहे हे खरं, आणि त्यावरून आपल्या शासनाने १२ जुलै २०११ ला निर्णयही काढला. पण ते प्रकरण होतं पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याचं. गावातल्या वजनदार लोकांनी तळं बुजवून त्यावर घरं बांधली होती. निकालाचा रोख त्यांच्यावर होता. त्याच निकालात अतिक्रमण काढण्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि थोडक्यात सुनावणी द्या असंही म्हटलं आहे, आणि तो परिच्छेद मात्र ग्रामसभेत कोणी वाचत नाही.

त्याच्याही आधीचा निकाल आपल्या मुंबईचा आहे. १९८१ साली ऐन पावसाळ्यात फुटपाथवरची माणसं उठवायचा हुकूम निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस या नावाने ओळखला जाणारा तो निकाल १९८५ चा. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करायचा हक्क कोणाला नाही हे न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. त्याचबरोबर पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हेही सांगितलं. महापालिकेच्या कायद्यात "नोटिशीशिवाय" काढायची मुभा असली तरी एरवी नोटीस देऊन म्हणणं ऐकायचंच, आणि ती मुभा अगदी निकडीच्या वेळी वापरायची. पावसाळा संपेपर्यंत कोणाला हलवू नका असंही त्यात होतं. अलीकडचा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे. बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, चित्रीकरण, असे नियम त्याने घालून दिले. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलावाची जागा यांवरची बेकायदा बांधकामं त्यातून वगळली आहेत. पाल हे बांधकाम आहे का, यावर वकील वाद घालतील. मी माझ्या हाताखालच्या तलाठ्यांना एवढंच सांगायचो की कमीत कमी किती केलं की चालेल ते शोधू नका, पुढे विचारलं तर काय दाखवता येईल ते बघा.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे, कारण तुमचे तलाठी ती करतील.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका गावाच्या ओढ्याकाठी चौदा पालं होती. वरून तोंडी आदेश आला आणि सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आम्ही गेलो. पंचनामा मी लिहिला. अजून आठवतो : "काठ्या, जुनी लुगडी, गोधड्या, भांडी व किरकोळ साहित्य." सगळं ट्रॉलीत भरून एका कार्यालयाच्या आवारात नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी एक घिसाडी आपल्या बायकोला घेऊन कचेरीत आला. म्हणाला, "भाऊसाहेब, बाकी राहू द्या, माझी ऐरण द्या." मी आवारात जाऊन शोधली. भाता सापडला, घण सापडला. ऐरण नव्हती. पंचनाम्यात ती नव्हती, म्हणून ती होती हे त्याला सिद्ध करता येईना आणि मला कोणाला विचारता येईना. तो महिनाभर हेलपाटे घालत राहिला. बायको घण मारते, नवरा सांडशीत लोखंड धरून फिरवतो, मधे ऐरण असते. ती गेली की त्या कुटुंबाचं पोट गेलं. "किरकोळ साहित्य" हे दोन शब्द लिहायला मला काही क्षण लागले होते.

तेव्हापासून मी पंचनामा पालागणिक करायला लागलो. एका पालाला एक कागद. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, लहान मुलं किती, बाळंतीण किंवा आजारी कोणी आहे का, जनावरं किती आणि कोणती, धंद्याची हत्यारं कोणती, कागदपत्रं कोणती. दोन पंच, त्यातला एक तरी पालातला. शेवटी सगळं वाचून दाखवायचं आणि "वाचून दाखवले, समजले" असं लिहून अंगठा घ्यायचा. नोटिशीचंही तसंच. "पालातील अनोळखी इसम" अशा नावाने काढलेली नोटीस अपिलात टिकत नाही. झाडाला डकवून, फोटो काढून निघून येणं तर वेळेचा अपव्यय आहे. वाचता न येणाऱ्या माणसाला नोटीस वाचून दाखवली तरच ती बजावली असं मी मानतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, वाचतानाचं चित्रीकरण करा. ते त्यांच्याही कामाचं आहे आणि तुमच्याही.

नाव-गावाच्या यादीबद्दल मात्र जपून. ही यादी कशासाठी आहे हे पालातल्या माणसांना आधी नीट सांगा, कारण यादीचा त्यांचा अनुभव वाईट आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवली, रोजची हजेरी लावली, काहींना तारेच्या कुंपणात ठेवलं. आपल्या सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. गावच्या डोक्यातून अजून उठलेला नाही. चोरी झाली की पहिलं बोट पालाकडे जातं. तेव्हा वहीपेन घेऊन सरकारी माणूस आला की आजी पोरांना पालात ओढते, ते का हे समजून घ्या.

तरीही यादी हवी, आणि ती पहिल्याच दिवशी हवी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पाच जणांना जमावाने मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. पिंपळनेरजवळ त्यांची पालं होती. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं होतं, आणि त्याच कार्यालयात मारलं. ताई, तुम्ही ज्या खोलीत बसून ठराव लिहिता तशीच ती खोली. हे लोक कोण, कुठल्या गावचे, कशासाठी आलेत, किती दिवस आहेत, हे पहिल्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर लागलेलं असलं आणि ठाण्यात कळवलेलं असलं, तर अफवेला सरपंचाकडून ताबडतोब उत्तर मिळतं. यादी त्यांच्या संरक्षणासाठी करायची, आणि तसं तोंडाने सांगायचं.

आता उठवायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे. दहा-पंधरा दिवस थांबून पुढे जाणाऱ्या पालांवर अतिक्रमणाची फाईल उघडू नये. नोटीस, सुनावणी, आदेश हे सगळं नीट केलं तर तोवर पालं कधीच गेलेली असतात. आणि नीट न करता केलं तर पालं शेजारच्या गावच्या हद्दीत जातात. तिथला सरपंच तेच करतो, आणि महिन्याने पालं परत तुमच्याकडे येतात. माझ्या तालुक्यात एकच टोळी एका हिवाळ्यात चार गावांनी उठवलेली मी पाहिली. चार पंचनामे, चार पोलीस बंदोबस्त, आणि शेवटी पालं पहिल्याच ओढ्याकाठी.

त्याच हिवाळ्यात, त्याच शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या शेकडो खोप्या पडलेल्या असतात. त्यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही, कारण मागे कारखान्याचं नाव असतं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की त्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आषाढीला नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी इथे लाखो माणूस उघड्यावर उतरतो. त्यासाठी पालखीतळ राखलेले आहेत, टँकर येतात, फिरती शौचालयं येतात, दिवे लागतात, आरोग्य पथक बसतं. मी स्वतः त्या बंदोबस्तात पायाला फोड येईपर्यंत फिरलो आहे. एवढ्या मोठ्या मुक्कामाची व्यवस्था लावता येणाऱ्या जिल्ह्याला बारा पालांची लावता येत नाही असं मला कोणी सांगू नये. फरक आहे तो जागा आणि तारीख आधी ठरलेली असण्याचा.

ती ठरवता येते. भटक्यांची वाट आपल्याला वाटते तशी वाऱ्यावर नसते. घिसाडी सुगीच्या आधी येतो कारण तेव्हाच तुम्हाला विळे-खुरपी शेवटून, म्हणजे धार काढून, हवी असतात. पौषात जेजुरीला गाढवांचा बाजार, फाल्गुनात मढीची यात्रा, या तारखांभोवती त्यांचं वर्ष फिरतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ही पालं दरसाल याच सुमाराला येतात का. बहुतेक वेळा उत्तर "हो, माझ्या लहानपणापासून" असं येतं. ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला ज्या गोष्टींवर फी घेता येते त्यांत धर्मशाळांच्या जोडीने तळ टाकायच्या जागाही आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गावाला तळ असणार हे होतं. आपणच ती जागा कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीखाली जाऊ दिली.

म्हणून तहसीलदारांना जे पत्र द्याल त्यात "अतिक्रमण हटवावे" एवढंच लिहू नका. लिहा की अमुक गट नंबरात इतकी कुटुंबं तात्पुरती उतरली आहेत, अमुक तारखेपर्यंत थांबणार असं सांगतात, पंचायतीची या अटींवर हरकत नाही. अटी साध्या ठेवा. पाल कुठल्या कोपऱ्यात असावं, विहिरीपासून आणि शाळेच्या वाटेपासून किती लांब, जनावरं कुठे बांधायची, कचरा कुठे टाकायचा, कोणत्या तारखेला निघायचं. तुमच्या बाजूने एक पाण्याची टाकी, कचरा न्यायला घंटागाडी, शौचालयाची सोय. इंग्लंडमध्ये लीड्स शहराने जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांच्या वस्त्यांबाबत हीच वाट धरली : बोलणी करून ठरावीक दिवसांचा मुक्काम, बदल्यात कचरा आणि शौचालयाची सोय. उठवण्याच्या खटल्यांवर आणि मागाहून सफाईवर पैसे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हे त्यांनीही अनुभवाने ओळखलं.

मुलांचं राहू देऊ नका. अंगणवाडीताईंना पालावर पाठवा. बाहेरून आलेल्या बालकाला आहार आणि लस देताना तुमच्या गावचं रेशनकार्ड बघायचं नसतं. शाळेत कागद नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापक कुरकुर करतील, त्यांच्याशी तुम्ही बोला. पंधरा दिवसांनी जाताना मुलाच्या हातात तुमच्या शाळेचा शिक्का असलेला एक कागद पडला तर पुढच्या गावात त्याचं काम सोपं होतं.

आणि पालं जाणारीच नसतील तर? कधीकधी एखादं कुटुंब थकलेलं असतं, फिरतीचा धंदा बुडालेला असतो, त्यांना टेकायचं असतं. तेव्हा फाईल वेगळी. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. मूळ योजनेत कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर आहे. अडतं ते जातीच्या दाखल्यावर, आणि दाखला अडतो जुन्या वास्तव्याच्या पुराव्यावर. तुम्ही पहिल्या दिवशी केलेला पालागणिक पंचनामा, शाळेचा कागद, अंगणवाडीची नोंद, हे सगळं पुढे पुरावा म्हणून उभं राहतं. मी एका कुटुंबाच्या प्रकरणात वीस वर्षांपूर्वीच्या अतिक्रमणाच्या पंचनाम्याचा आधार घेतला होता. ज्या कागदाने त्यांना उठवलं होतं, त्याच कागदावरून ते त्या तालुक्यात राहत होते हे दाखवता आलं.

तुमच्यावर शेकू नये म्हणून एक गोष्ट उघडपणे सांगतो. पालं काढायचा ठराव करण्याआधी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई मागवा. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही ती, गायरानही त्यात आलं. तिच्यात गावातल्या कोणाचे गोठे, कोणाचं शेड, कोणाची वाढवलेली बांधावरची पट्टी आहे ते बघा. पंधरा दिवसांची पालं उठवली आणि पंधरा वर्षांचे गोठे ठेवले, तर पहिल्याच अपिलात तोच प्रश्न विचारला जाईल. शिवाय सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर पंचायत सदस्याचं पद जातं. कुटुंबातल्या माणसाच्या अतिक्रमणामुळेही जाऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. तुमच्या सदस्यांना हे ठरावावर सह्या करण्याआधी सांगा.

उद्या तुम्ही स्वतः जा. सकाळी सातच्या आत पोहोचा, नंतर बाया फेरीला निघतात आणि पुरुष कामाला, मागे म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. पोलीस सोबत नेऊ नका, अंगणवाडीताईंना आणि गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला न्या, ज्याने यांच्याकडून कधी विळा करून घेतला असेल. खाली बसून बोला. पहिला प्रश्न "कधी जाणार" हा करू नका. कुठून आलात, पुढचा मुक्काम कुठे, आणि पाणी कुठून आणता, एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या.